व्हॉट्सअ‍ॅपची ती एक टिक ज्याच्या नावाच्या भाषेवर चालते, तो माणूस वीस वर्षं फक्त रांगांचं गणित मांडत होता

तुम्ही मेसेज पाठवता. आधी छोटं घड्याळ दिसतं, मग एक टिक येते, मग दोन आणि मग त्या निळ्या होतात.

आपण हे दिवसातून शंभरदा बघतो, पण नीट बघितलं तर या चार चित्रांत एक अख्खी रांग लपलेली आहे. घड्याळ म्हणजे मेसेज अजून तुमच्याच फोनमध्ये अडकलाय. एक टिक म्हणजे तो कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोचला आणि तिथे थांबलाय. दोन टिक म्हणजे समोरच्याच्या फोनवर पोचला. निळ्या टिक म्हणजे वाचला.

आता समजा झरी-जामणीकडच्या एखाद्या गावात नेटवर्क गेलंय. कापसाची गाडी घेऊन वणीच्या जिनिंगसमोर रांगेत लागलेला माणूस घरी मेसेज टाकतो, की आज रात्री येणं होत नाही. एकच टिक येते. त्याला लगेच कळतं की घरच्यांनी वाचून उत्तर टाळलं असं नाही, मेसेज मध्येच थांबलाय. कोणी काही समजावून न सांगता त्या एका टिकने केवढी माहिती दिली बघा.

व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर ज्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेत तिचं नाव आहे एर्लांग. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९८६ साली जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट विर्डिंग आणि माइक विल्यम्स यांनी तिच्यावर काम सुरू केलं. नावात एरिक्सन लँग्वेज अशी कोटी आहेच, पण मूळ नाव एका माणसाचं आहे. आग्नेर क्रारुप एर्लांग. डेन्मार्कचा गणिती, टेलिफोन कंपनीतला नोकरदार. त्याला जाऊन आता शतक होत आलं.

रांगेत थांबलेल्या कामाची अवस्था नेमकी कशी मांडायची, हा आज प्रोग्रामर लोकांचा रोजचा प्रश्न आहे. सुपरकॉम्प्युटरला काम दिलं, क्वांटम कम्प्युटरला काम दिलं, ते रांगेत लागलं, आता विचारणाऱ्याला काय उत्तर द्यायचं? या प्रश्नाच्या मुळाशी गेलं की गाडी एर्लांगपाशीच येऊन थांबते.

गुरुजींचा पोरगा

१ जानेवारी १८७८. डेन्मार्कच्या जटलंड भागातलं लोनबोर्ग नावाचं छोटं गाव. वडील हान्स निल्सन एर्लांग गावच्या शाळेत गुरुजी होते आणि चर्चचं कारकुनी कामही बघायचे. आई माग्दालेन क्रारुप. तिच्या घराण्याचं नातं थॉमस फिंके या सोळाव्या शतकातल्या गणितज्ञापर्यंत जातं. दहावीला त्रिकोणमितीत टॅन आणि सेक शिकलात ना? ते टँजंट आणि सेकंट हे शब्द याच फिंकेने १५८३ च्या पुस्तकात वापरात आणले. म्हणजे गणित आजोळहूनच आलं होतं म्हणा.

घरात मोठा भाऊ फ्रेडरिक आणि दोन धाकट्या बहिणी. दोघा भावांत पुस्तक एकच असायचं. फ्रेडरिक सरळ बाजूने वाचायचा आणि आग्नेर समोर बसून तेच पान उलटं वाचायचा. त्याला ते जमायचं, ही गोष्ट त्याच्या चरित्रात हमखास सांगितली जाते. दुसरा नाद आकाशातल्या ताऱ्यांचा.

शिक्षण घरीच, वडिलांच्या शाळेत झालं. चौदाव्या वर्षी तो कोपनहेगनला जाऊन परीक्षेला बसला. वय कमी होतं म्हणून खास परवानगी काढावी लागली. परीक्षा तो चांगल्या गुणांनी पास झाला आणि गावी परत आला. दोन वर्षं वडिलांच्याच शाळेत मदतनीस शिक्षक म्हणून शिकवलं आणि सोबत फ्रेंच, लॅटिन शिकून घेतलं.

पुढे शिष्यवृत्ती मिळाली म्हणून कोपनहेगन विद्यापीठ शक्य झालं. १९०१ साली गणितात एमए, जोडीला खगोलशास्त्र, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र. आणि मग काय, तर शाळामास्तरकी. पुढची सातेक वर्षं एर्लांग वेगवेगळ्या शाळांत शिकवत राहिले. १९०४ मध्ये विद्यापीठाच्या एका बक्षिसाच्या प्रश्नावर त्यांनी लिहिलेल्या उत्तराची दखल घेतली गेली, तेवढीच काय ती चमक.

मात्र एक सवय त्यांनी सोडली नाही. डेन्मार्कच्या गणितज्ञांच्या संघटनेच्या बैठकांना ते नियमित जायचे. बोलायचे कमी, ऐकायचे जास्त. मित्रमंडळी त्यांना गमतीने खासगी माणूस म्हणायची, इतका हा माणूस स्वतःत असायचा. याच बैठकांत त्यांची ओळख योहान जेन्सन यांच्याशी झाली.

जेन्सन हे भारी प्रकरण होतं. पेशाने कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मोठे इंजिनिअर, गणित मात्र बरंचसं स्वतःच शिकलेलं. आज गणितात आणि मशीन लर्निंगमध्ये ज्याला जेन्सन इनइक्वालिटी म्हणतात ती यांचीच. त्यांनी एर्लांगना कंपनीचे प्रमुख फ्रित्झ जोहान्सन यांच्याकडे नेलं. टेलिफोनच्या धंद्यातल्या प्रतीक्षेच्या प्रश्नावर जोहान्सन यांनी स्वतःही विचार करून लिहिलेलं होतं. त्यांना एक गणिती हवाच होता.

१९०८ मध्ये तिशीतला हा शिक्षक टेलिफोन कंपनीत रुजू झाला.

लाइनी किती टाकायच्या?

तेव्हाचा टेलिफोन आठवून बघा, म्हणजे आजीआजोबांना विचारा. तुम्ही फोन उचलला की एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर बाईला कळायचं. ती विचारायची कोण हवंय, आणि हाताने वायर या भोकातून त्या भोकात खोचून द्यायची. मुंबईत असं एक्स्चेंज १८८२ मध्येच सुरू झालं होतं.

कंपनीपुढचा प्रश्न साधा होता. लाइनी किती टाकायच्या आणि ऑपरेटर किती ठेवायच्या? कमी ठेवल्या तर लोक खोळंबतात. जास्त ठेवल्या तर तांबं आणि पगार वाया जातात. आतापर्यंत हे सगळं अंदाजपंचे चाललं होतं.

सरासरी काढून चालेल असं आपल्याला वाटतं. मिनिटाला सरासरी २ कॉल येतात, तर २ कॉल सांभाळता येतील एवढी सोय करा, झालं. पण कॉल करणारी माणसं एकमेकांना विचारून कॉल करत नाहीत. एर्लांग यांनी १९०९ च्या आपल्या पहिल्या महत्त्वाच्या लेखात हेच पकडलं. कॉल जर असे एकमेकांपासून स्वतंत्र येत असतील तर ते प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या नियमाने येतात, हे त्यांनी दाखवलं.

या नियमाने हिशेब केला तर काय निघतं बघा. सरासरी मिनिटाला २ कॉल असतील, तर दर शंभर मिनिटांतली साधारण १३-१४ मिनिटं अशी जातील की एकही कॉल येणार नाही आणि ऑपरेटर बाई नुसती बसून राहील. आणि साधारण ५ मिनिटं अशी येतील की ५ किंवा त्याहून जास्त लोक एकदम फोन उचलतील. सरासरी तीच, पण माणसाचा अनुभव दोन टोकांचा.

पुस्तकातलं गणित करून ते थांबले नाहीत, हे मला या माणसाबद्दल सगळ्यात आवडतं. प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून नेमलं खरं, पण सुरुवातीला हाताखाली कोणी नव्हतंच. जमिनीखालच्या केबलना भटक्या विजेचा त्रास व्हायचा, त्याची मोजमापं घ्यायला एर्लांग स्वतः कोपनहेगनच्या रस्त्यांवर फिरायचे. सोबत शिडी घेतलेला एक कामगार. शिडी मॅनहोलमध्ये सोडायची आणि साहेबांनी खाली उतरायचं. मोजण्याचं एक उपकरणही त्यांनी सुधारून घेतलं, ते पुढे त्यांच्याच नावाने ओळखलं गेलं. आणि लॉगची कोष्टकं छापली, ती वेगळीच.

कापसाच्या काट्यावर एर्लांग

राजेहो, आता हे गणित आपल्या यवतमाळात आणू.

१९७२ मध्ये महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि तेव्हापासून कापसाच्या गाड्यांची रांग हा विदर्भातल्या प्रत्येक घराचा विषय झाला. बैलगाड्या, मग ट्रॅक्टर, मग पिकअप. एकाधिकार योजना गेली, सीसीआयची खरेदी आली, टोकन आलं, २०२५ च्या हंगामापासून कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी आणि स्लॉट आला. रांगेचं रूप बदललं, थांबणं काही संपलं नाही.

समजा एका केंद्रावर एकच वजनकाटा आहे आणि एका गाडीला सरासरी ६ मिनिटं लागतात, कधी कमी कधी जास्त. गाड्या आपापल्या सोयीने, कशाही येतात. काटा दिवसाचा निम्मा वेळ चालू राहील एवढ्याच गाड्या येत असतील, तर एका गाडीला काट्यावर चढायच्या आधी सरासरी ६ मिनिटं थांबावं लागेल. ठीक आहे.

काटा ८० टक्के वेळ चालू असेल तर थांबणं २४ मिनिटं होतं. ९० टक्के झालं की ५४ मिनिटं. आणि ९५ टक्के झालं की ११४ मिनिटं, म्हणजे जवळपास दोन तास.

परत वाचा. ९० वरून ९५ वर जाताना काम जेमतेम थोडंसं वाढलं, थांबणं दुपटीच्या वर गेलं. काटा अजून ५ टक्के रिकामाच आहे आणि तरी बाहेर रांग फाटकापर्यंत गेलीय. हे कोणाच्या आळसामुळे झालेलं नाही, अनियमितपणे येणाऱ्या रांगेचा तो स्वभावच आहे. साधनाचा पुरेपूर वापर होतोय म्हणून वरचा अधिकारी खूश असतो, नेमकं त्याच वेळी बाहेरच्या माणसाची रात्र तिथेच जाते.

आणि हा आकडाही सौम्यच आहे. खऱ्या हंगामात गाड्या कशाही येत नाहीत, भाव बरा निघाला की सगळ्या एकदम येतात.

दुसरी गंमत. दोन काटे आहेत, दोन्ही ९० टक्के व्यस्त आणि प्रत्येकाची रांग वेगळी. थांबणं ५४ मिनिटं. आता फक्त एवढंच करा की दोन्ही काट्यांसाठी रांग एकच ठेवा, जो काटा मोकळा होईल तिथे पुढची गाडी जाईल. थांबणं साधारण २६ मिनिटांवर येतं. नवा काटा नाही, नवा माणूस नाही, आणि वेळ निम्म्याहून कमी. बँकेत टोकन देऊन एकच रांग का करतात याचं उत्तर हेच आहे.

१९१७

आठ वर्षांनी एर्लांग यांचा सगळ्यात गाजलेला लेख आला. स्वयंचलित एक्स्चेंजचे दिवस सुरू होत होते, बाईंच्या जागी यंत्र येणार होतं, आणि यंत्राला आधीच सांगून ठेवावं लागतं की जागा नसेल तर काय करायचं.

त्यांनी दोन वेगळे प्रश्न केले. एक, सगळ्या लाइनी भरल्या असतील तर नवा कॉल सरळ परत जातो, एंगेज टोन वाजतो आणि विषय संपतो. दुसरा, सगळ्या लाइनी भरल्या असतील तर नवा कॉल थांबतो आणि लाइन मोकळी झाली की पुढे जातो. पहिल्याच्या उत्तराला आज एर्लांग बी म्हणतात, दुसऱ्याच्या उत्तराला एर्लांग सी.

पहिल्याची चव घ्यायची तर असं समजा. तासाला सरासरी २० कॉल येतात आणि प्रत्येक कॉल ३ मिनिटं चालतो. म्हणजे एकूण बोलणं ६० मिनिटांचं, एक लाइन पूर्ण तासभर भरेल एवढं. मग एकच लाइन पुरेल का? एर्लांग सांगतात, एका लाइनीवर निम्मे कॉल परत जातील. दोन लाइनी टाकल्या तर २० टक्के परत जातील. तीनवर सव्वासहा टक्के. चारवर दीड टक्का. पाचवी टाकायची की नाही हे आता मालकाने खिसा बघून ठरवावं. ब्रिटनच्या पोस्ट खात्याने हे सूत्र आपल्या एक्स्चेंजसाठी उचललं. मूळ लेख डॅनिशमध्ये होता, म्हणून तो वाचण्यासाठी अमेरिकेतल्या बेल कंपनीतल्या एका संशोधकाने डॅनिश शिकून घेतली असं सांगतात.

पण कम्प्युटरवाल्यांच्या कामाची खरी गोष्ट सूत्राच्या आत आहे. एर्लांग यांनी एक्स्चेंजकडे अवस्थांची यादी म्हणून पाहिलं. शून्य लाइनी व्यस्त, एक व्यस्त, दोन व्यस्त, असं करत सगळ्या व्यस्त. कॉल आला की एक पायरी वर, कॉल संपला की एक पायरी खाली. मधली पायरी गाळून उडी नाही. कोणत्याही क्षणी यंत्र यांपैकी एकाच अवस्थेत असतं. मग प्रत्येक पायरीवर वर जाणाऱ्यांचा आणि खाली येणाऱ्यांचा वेग जुळवून त्यांनी तोल काढला.

अवस्था मोजक्या, प्रत्येक स्पष्ट, आणि एकीतून दुसरीत जायचे रस्ते ठरलेले. हा साचा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खासगी माणूस

एर्लांग यांनी लग्न केलं नाही. राहणी साधी, पुस्तकांचा मात्र भरपूर साठा. पैसे जमवायचा स्वभाव नव्हता. गरजू लोक दारात किंवा ऑफिसात यायचे आणि हे काही ना काही द्यायचे, तेही गाजावाजा न करता. कंपनीत जवळपास वीस वर्षांत आजारपणाची एकही रजा नाही, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं.

मग जानेवारी १९२९ मध्ये पोटाचा त्रास सुरू झाला. शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात न्यावं लागलं. ३ फेब्रुवारी १९२९ रोजी ते गेले. वय ५१.

तेव्हा जगात आज आपण म्हणतो तसा एकही कम्प्युटर नव्हता.

१९४६ मध्ये टेलिफोनच्या आंतरराष्ट्रीय सल्लागार समितीने वाहतूक मोजायच्या एककाला एर्लांग हे नाव दिलं. एक लाइन तासभर पूर्ण भरलेली म्हणजे एक एर्लांग. आज मोबाइल टॉवर बसवणारे आणि कॉल सेंटरमध्ये माणसं नेमणारे हा शब्द रोज वापरतात.

आपल्याकडे याच काळाची एक देशी आवृत्ती होती, ट्रंक कॉल. यवतमाळहून मुंबईला बोलायचं तर कॉल बुक करायचा आणि वाट बघत बसायचं. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे दर, जास्त पैसे दिले की रांगेत पुढे. आता यालाच प्रायॉरिटी क्यू म्हणतात. वाईट एवढंच की बुक केल्यावर आपला नंबर कुठे आहे हे घरी बसून कळायचं नाही. परत ऑपरेटरला फोन करून विचारायचं. प्रत्येक जण असं विचारत राहिला तर ऑपरेटरचा वेळ त्यातच जायचा आणि रांग अजून लांबायची. हा दोषसुद्धा पुढे कम्प्युटरमध्ये जसाच्या तसा आला.

फोनची रांग कम्प्युटरमध्ये

१९६४ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, होमी भाभांच्या काळात, सीडीसी ३६०० हा मोठा अमेरिकन कम्प्युटर आला. बाहेरच्या संस्थांतले संशोधकही तो वापरायचे. काम कार्डांवर छिद्रं पाडून द्यायचं. कार्डांचा गठ्ठा रांगेत लागायचा आणि नंतर छापील कागद हातात यायचा. मधल्या वेळात तुमचं काम सुरू झालं की पडून आहे, कुठेतरी स्वल्पविराम चुकला म्हणून पहिल्याच मिनिटाला कोसळलं, हे कागद येईपर्यंत कळायला मार्ग नव्हता.

१९९१ मध्ये पुण्याच्या सीडॅकने परम ८००० बनवला. त्या चमूचे प्रमुख विजय भटकर आपल्या अकोला जिल्ह्यातले. आज देशभरात परम मालिकेतली यंत्रं आहेत आणि अशा मोठ्या यंत्रावर कोणी थेट बसून काम करत नाही. तुम्ही जॉब टाकता आणि तो रांगेत लागतो.

जगातल्या बऱ्याच सुपरकॉम्प्युटरवर ही रांग स्लर्म नावाचं मोफत सॉफ्टवेअर सांभाळतं. त्यात जॉबची अवस्था छोट्या अक्षरांत दिसते. पीडी म्हणजे पेंडिंग. आर म्हणजे रनिंग. सीडी म्हणजे पूर्ण. एफ म्हणजे फसला. सीए म्हणजे कोणीतरी रद्द केला. टीओ म्हणजे मागितलेला वेळ संपला म्हणून थांबवला. मेमरी संपली तर वेगळा कोड, मशीनच बंद पडलं तर वेगळा.

इतके कशाला? झालं किंवा नाही झालं, एवढं पुरे की.

नाही पुरत. परत कापसाकडे चला. घरून फोन आला, कापूस विकला का? नाही. पण या नाही मध्ये काय काय असू शकतं? गाडी अजून फाटकाबाहेर आहे. टोकन मिळालं, नंबर यायचाय. काट्यावर आहे. ओलावा जास्त म्हणून ग्रेडरने गाडी परत केली. किंवा माप झालं, चुकारा बाकी आहे. प्रत्येक वेळी घरच्यांनी करायची गोष्ट वेगळी आहे. पहिल्यात भाकरी पाठवायची, चौथ्यात कापूस वाळवायची सोय करायची, शेवटच्यात बँकेचं खातं बघत राहायचं. सगळ्याला एकच शब्द वापरला की घरचे आंधळे होतात.

प्रोग्रामिंग लायब्ररी बनवणाऱ्याचं काम अगदी हेच. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी वापरावं म्हणून लिहून ठेवलेला कोड. ती तुमच्या वतीने दूरच्या यंत्राला काम देते आणि तुमच्या हातात एक वस्तू ठेवते, पावतीसारखी. त्या पावतीला विचारायचं, काय चाललंय? तिने मोजक्या ठरलेल्या शब्दांपैकी एकच शब्द द्यायचा. एर्लांग यांची पायऱ्यांची यादी ती हीच.

आयबीएमने २०१६ पासून आपला क्वांटम कम्प्युटर इंटरनेटवरून लोकांना वापरायला दिला. पुसदच्या किंवा यवतमाळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला पोट्टासुद्धा खातं उघडून त्यावर प्रयोग करू शकतो. मशीन मोजकी, वापरणारे जगभर, म्हणजे रांग आलीच. (२०२५ मध्ये अमरावतीत क्वांटम कम्प्युटर बसणार अशी घोषणा झाली, पण हुरळून जाऊ नका, ती अमरावती आंध्रातली.) त्यांच्या किस्किट लायब्ररीच्या मूळ यादीत जॉबच्या सात अवस्था होत्या. तयार होतोय, रांगेत, तपासणी सुरू, चालू, रद्द, पूर्ण आणि चूक. यातल्या शेवटच्या तीन अवस्था म्हणजे शेवटचं स्टेशन. तिथे पोचलेला जॉब परत रांगेत येत नाही. चांगल्या लायब्ररीत हा नियम पक्का असतो, कारण पूर्ण झालेलं काम दहा मिनिटांनी पुन्हा चालू दिसायला लागलं तर त्यावर कोणी विसंबायचं कसं?

रांगेत तुमचा नंबर ४० आहे एवढंही काही लायब्ऱ्या सांगतात. पण नंबर म्हणजे वेळ नव्हे. पुढची ३९ कामं एकेक सेकंदाची असतील किंवा एकेक तासाची. शिवाय सुपरकॉम्प्युटरवर ज्याने अलीकडे कमी वापर केला त्याला बरेचदा पुढे घेतात, आणि मध्ये छोटी फट दिसली तर मागचं छोटं काम आधी उरकून घेतात. म्हणून नंबर कधीकधी मागेही सरकतो. स्लर्म पेंडिंग म्हणून थांबत नाही, कारणही सांगतं. जागा नाही, तुमच्या आधी दुसऱ्यांचा हक्क आहे, किंवा तुमचंच आधीचं काम संपायचंय. सुरू व्हायची अंदाजे वेळही विचारता येते.

आणि ट्रंक कॉलवाला दोष? तुमचा प्रोग्राम दर सेकंदाला झालं का, झालं का विचारत राहिला तर सर्व्हर उत्तरं देण्यातच दमतो. म्हणून चांगली लायब्ररी आधी लवकर विचारते, मग दोन सेकंदांनी, मग चार, मग आठ, असं अंतर वाढवत जाते. काही ठिकाणी तर विचारायचंच नाही, काम झालं की सर्व्हरच कळवतो.

पायथन शिकत असाल तर शेवटची एक गोष्ट लिहून ठेवा. पायथनसोबतच येणाऱ्या काँकरंट फ्युचर्स या भागात डन नावाचा प्रश्न विचारता येतो. काम नीट झालं असेल तर तो हो म्हणतो. काम चूक येऊन कोसळलं असेल तरी हो म्हणतो. आणि काम सुरू होण्याआधीच रद्द केलं असेल तरीही हो म्हणतो. त्याच्या लेखी डन म्हणजे आता यापुढे काही होणार नाही, एवढंच. यशस्वी झालं का हे वेगळं विचारावं लागतं, आणि चालू झालेलं काम तिथे रद्द करायला गेलात तर ते नाही म्हणतं. परीक्षेच्या आदल्या रात्री प्रोजेक्ट चालवताना हा फरक माहीत असलेला बरा.